उतारूंचा मुक्काम आणि गांवाची अब्रू

सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोड, नागणसूर व बोरोटी हीं स्टेशनें मागें टाकलीं म्हणजे दुधनी लागतें. अक्कलकोट तालुक्यांतील हें गांव महाराष्ट्राच्या अगदीं कडेस वसलेलें आहे. येथील बाजारांत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजपणें कानीं पडतात, आणि पुढें थोड्याच अंतरावर एका राज्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. एका बाजूस स्वामी समर्थांचें अक्कलकोट, दुसऱ्या बाजूस भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर, अशा दोन मोठ्या क्षेत्रांच्या मधल्या वाटेवर दुधनी उभें आहे. दत्तजयंती, गुरुप्रतिपदा, गुरुपौर्णिमा किंवा स्वामींचा प्रकटदिन जवळ आला कीं या सर्व वाटेवर यात्रेकरूंची रीघ लागते. सर्वांस क्षेत्राच्या ठिकाणीं जागा मिळतेच असें नाहीं, आणि सर्व गाड्या सर्व स्टेशनांवर थांबतात असेंही नाहीं. तेव्हां अवेळीं गाडींतून उतरलेल्या, बरोबर बायकामुलें व म्हातारीं माणसें असलेल्या परक्या गृहस्थानें रात्र कोठें काढावी, व कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न दिसण्यांत लहान असला तरी वास्तविक फार महत्त्वाचा आहे. त्याच प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहों.

परक्या गांवीं उतरलेल्या माणसास जो इसम प्रथम भेटतो, तोच त्याच्या दृष्टीनें सारा गांव असतो. तो भला निघाला तर गांव भला. त्यानें लुबाडलें तर सारा गांव ठकांचा, असा ग्रह करून घेऊन उतारू घरीं परततो आणि दहा ठिकाणीं तसें सांगतो. शेंकडों घरांनीं पिढ्यानपिढ्या राखलेली अब्रू अशा रीतीनें एका दलालाच्या जिभेवर येऊन बसते. म्हणून हा प्रश्न केवळ उतारूचा नसून गांवाचाही आहे, हें आम्ही आरंभींच सांगून ठेवतों.

या ठकबाजीचे प्रकार बहुतेक क्षेत्रांच्या वाटेवर सारखेच असतात. “तुम्ही म्हणतां तें भक्तनिवास आज भरलें आहे, तिकडे पाणी नाहीं, रस्ता बंद आहे,” असें सांगून उतारूस आपल्या दलालीच्या खोलीकडे वळविणें, हा पहिला. रात्रीं एक भाडें बोलून सकाळीं सामान उचलतांना चादरीचे, गरम पाण्याचे व दिव्याचे निराळे पैसे मागणें, हा दुसरा. खोली स्वस्तांत देऊन तिच्या पाठोपाठ अभिषेक व पूजा गळ्यांत मारणें, हा तिसरा. ओळखपत्राची मूळ प्रत अडकवून ठेवून तिच्या जोरावर वाढीव पैसे काढणें, हा चौथा. पांचवा प्रकार मात्र नवा आहे. त्यांत ठकास स्टेशनावर येण्याचेही श्रम पडत नाहींत. नांवाजलेल्या भक्तनिवासाच्या नांवानें तो खोटें संकेतस्थळ उभारतो, त्यावर खऱ्या इमारतीचीं चित्रें लावतो, आणि घरबसल्या आगाऊ पैसे घेऊन नाहींसा होतो. ही आमची कल्पना नव्हे. एप्रिल २०२५ मध्यें केंद्रीय गृहखात्याच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानें याच प्रकाराविरुद्ध देशभर जाहीर इशारा दिला होता. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचीं तिकिटें, चारधामच्या यात्रेकरूंसाठीं अतिथिगृहें व हॉटेलें, यांच्या नांवानें खोटीं संकेतस्थळें व व्हॉट्सॲपचीं खातीं चालतात, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. हिमालयांतील यात्रेकरूस जो फास लागतो, तोच भीमेच्या कांठच्या यात्रेकरूस लागणार नाहीं, असें समजण्यास कांहींएक आधार नाहीं.

मग उतारूनें करावें तरी काय? आमचा धंदा वकिलीचा. कोर्टांत साक्षीदार उभा राहिला म्हणजे आम्ही प्रथम एवढेंच पाहतों कीं, या मनुष्याचा निकालाशीं स्वतःचा कांहीं संबंध आहे काय? असल्यास त्याची साक्ष खोटीच असते असें नाहीं. पण ती जपून तपासावी लागते. हाच नियम उतारूनें स्टेशनाबाहेर पाळावा. ज्यास तुमच्या मुक्कामापासून दलाली मिळावयाची, त्याचा मुक्कामाविषयींचा सल्ला पुराव्यावांचून ग्राह्य धरूं नये. स्टेशनावरील नोकर, एस. टी. स्थानकाचा वाहतूक नियंत्रक, औषधांचा दुकानदार, चहा विकणारी बाई, यांस तुम्ही कोठें राहतां यांत कवडीचाही लाभ नसतो. अशा दोघांस निरनिराळें विचारावें. दोघांचीं उत्तरें जुळलीं तर तिकडे खुशाल जावें. “तें बंद आहे” असें कोणीं सांगितल्यास त्याच्याशीं वाद न घालतां त्या ठिकाणीं स्वतः दूरध्वनि करावा. मात्र क्रमांक त्यानें दिलेला नसावा.

वस्तीची निवडही डोळे उघडे ठेवून करावी. देवळाजवळची खोली ती सुरक्षित आणि स्टेशनाजवळची ती वाईट, अशी सरसकट समजूत कित्येकांची असते; ती निराधार आहे. जेथें कुटुंबें राहतात, रात्रीं उशिरापर्यंत दुकानांतून दिवे दिसतात, बायकामाणसें निर्धास्तपणें येतात-जातात, आणि जेथून मुख्य रस्ता व पोलिसठाणें जवळ आहे, ती वस्ती चांगली. ज्या गल्लींत शिरतांना वाट दाखविणाऱ्यावांचून परत फिरतां येणार नाहीं असें वाटतें, तेथें स्वस्त मिळालें तरी राहूं नये. खोली पाहिल्याशिवाय सामान वर नेऊं नये. दाराची कडी आंतून लागते कीं नाहीं, खिडकी बंद होते कीं नाहीं, हें पाहावें. भाडें, त्यांत काय आलें व काय नाहीं, आणि खोली किती वाजतां सोडावयाची, हें सामान ठेवण्यापूर्वीं बोलून घ्यावें व पैशांची पावती मागावी. नोंदवहींत नांव लिहिण्यास हरकत नाहीं. किंबहुना जेथें नोंदवहीच नाहीं तेथें उतरूं नये. पण ओळखपत्राची मूळ प्रत कोणाच्याही स्वाधीन करूं नये. आधारपत्राची, शेवटचे चारच आंकडे दिसतील अशी प्रत मिळतें. जेथें आधार द्यावेंसें वाटेल तेथें तीच द्यावी. आगाऊ पैसे धाडणें असल्यास संस्थेचा क्रमांक जुन्या पावतीवरून किंवा तेथें जाऊन आलेल्या माणसाकडून घ्यावा, शोधयंत्रांत प्रथम दिसेल तो घेऊं नये. आणि पैसे परत मिळण्यासाठीं पिन टाका असें कोणीं म्हटलें कीं तो ठक आहे, हें ओळखावें. कारण पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं.

येथें कोणी भाविक अशी शंका काढील कीं, देवाच्या दारीं जातांना असा संशय बाळगणें हें पाप नव्हे काय? आमच्या मतें ही समजूत ठकांच्या फार पथ्यावर पडलेली आहे. भाडें विचारणें, पावती मागणें व शब्द पारखून घेणें यानें श्रद्धेस कोणताही बाध येत नाहीं. “स्वामींच्या इच्छेनें पैसे गेले” असें म्हणून फसलेला माणूस गप्प बसतो, आणि तोच ठक दुसऱ्या दिवशीं दुसऱ्यास फसवितो. म्हणजे एकाच्या मौनाचा दंड दुसरा भरतो. हें पुण्य खास नव्हे. सुशिक्षितांत तर याच्या जोडीस लाजही असते: आपण फसलों हें लोकांस कळूं नये, म्हणून ते तक्रार करीत नाहींत. फसविणाऱ्यानें लाजावें तें सोडून फसलेल्यानें लाजण्याची ही रीत आतां पुरे झाली.

परंतु संशय कशाचा करावा, हेंही सांगितलें पाहिजे. संशय वर्तनाचा करावा; जातीचा, वेषाचा किंवा भाषेचा करूं नये. १८७१ च्या कायद्यानें सबंध जमातींच्या कपाळीं गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि सोलापुरांत अशा लोकांस तारेच्या कुंपणांत कोंडून ठेवणारी वसाहत होती. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण स्टेशनावर भटक्या जमातींतील एखादें कुटुंब दिसतांच पिशवी घट्ट धरणारे आणि इस्त्रीचा सदरा घातलेल्या दलालास निमूटपणें पैसे मोजणारे लोक अजून पुष्कळ आहेत. उलट बाजूही आहे. अमेरिकेंत व विलायतेंत शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांस बडोद्यास राहावयास जागा मिळेना, आणि पारशी पथिकाश्रमांतून त्यांस बाहेर काढण्यांत आलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. धर्मशाळा किंवा सराई सर्वांस खुली असतां अस्पृश्यतेच्या कारणानें कोणास मज्जाव करणें हा १९५५ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. तरी आडनांव ऐकल्यावर खोली “भरली” असें सांगण्याचा प्रकार कोठें घडत असेल, तर ती ठकबाजीच होय. सुरक्षित वस्ती ती, कीं जींत सर्वांस सुरक्षितपणें राहतां येतें.

फसवणूक झालीच, तर काय उपाय आहे हें आतां सांगतों. कारण दुधनीसारख्या हद्दीवरच्या गांवीं याविषयीं फार गैरसमज आहे. “पैसे तिकडे घेतले, तुम्ही इकडचे, तिकडे जा,” असें ऐकल्यावर उतारू हताश होतो. पण १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणें दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यांत देतां येते. ठाण्यानें नोंद नाकारल्यास तीच खबर लेखी करून पोलिस अधीक्षकांकडे पाठवितां येते. फसवून पैसे उकळण्याचा अपराध भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमांत येतो, आणि त्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पैसे मोबाइलवरून गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. येथें घटकांचाही विलंब महाग पडतो, कारण रक्कम पुढें सरकण्यापूर्वींच ती अडवितां येते. खोलीच्या भाड्याचा तंटा असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें उतारूस आपल्या राहत्या जिल्ह्यांतच फिर्याद करण्याची मुभा दिली आहे, व पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी पडत नाहीं. पुण्याच्या किंवा कोल्हापुरच्या माणसानें पांचशें रुपयांसाठीं सीमेवर खेटे घालावे, असें आतां कायदा म्हणत नाहीं. राज्यें दोन असलीं तरी देश एक आहे, आणि त्याचा कायदा हद्दीच्या दोन्ही बाजूंस सारखाच चालतो.

इतकें झालें तरी निम्मेंच काम झालें. उतारूस शहाणपण शिकविणें सोपें. पण ज्या गांवांत उतरण्यास इतकें शहाणपण लागतें, त्या गांवानेंही आपल्याकडे पाहिलें पाहिजे. १८६७ सालच्या सरायांच्या कायद्यांत सराईवाल्यानें दराचें पत्रक ठळक जागीं लावावें, जागा व विहीर स्वच्छ ठेवावी, आणि जरूर तेवढे पहारेकरी नेमावे, असें सांगितलें होतें. परकी सरकारास जें सुचलें, तें आपल्याच माणसांच्या सोयीसाठीं आपल्या नगरपरिषदांस सुचूं नये काय? आमची दुधनीच्या नगरपरिषदेस सूचना अशी कीं, स्टेशनावर व एस. टी. थांब्यावर मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत एक ठळक फलक असावा. त्यावर गांवांतील राहण्याच्या प्रत्येक जागेचें नांव, भाडें व खरा दूरध्वनिक्रमांक असावा. त्याखालीं पोलिसठाण्याचा व १९३० हा क्रमांक असावा. रिक्षाचे दर तेथेंच लिहावे. यात्रेच्या दिवसांत रात्रीच्या गाड्यांच्या वेळीं गांवांतील तरुणांनीं व स्त्रियांनीं पाळीपाळीनें स्टेशनावर उभें राहावें, आणि आलेल्या तक्रारींची वही दरमहा सभेपुढें वाचावी.

कित्येक म्हणतील, “गांव लहान, येणारे थोडे, एवढा खटाटोप कशास? आणि असा फलक लावणें म्हणजे आमच्या गांवांत ठक आहेत अशी आपणच दवंडी पिटणें नव्हे काय?” आमचें उत्तर असें कीं, ज्या दुकानांत वजनें उघड्यावर टांगलेलीं असतात, तो दुकानदार लबाड आहे असें कोणी म्हणत नाहीं. दुधनीच्या बाजारांत शेतकऱ्याच्या तुरीचा भाव लिलांवांत सर्वांदेखत पुकारला जातो. मग उतारूच्या खोलीचें भाडेंच तेवढें कानांत कां सांगावें? कानांत सांगितलेल्या भावावर दलाल जगतो. उघड्या भावावर गांव जगतो. फलकास खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे. गाणगापुराच्या वाटेवर निघालेली एखादी म्हातारी अपरात्रीं स्टेशनावर उतरून, तो फलक वाचून, कोणाच्याही पायां न पडतां आपली आपण मुक्कामास पोहोंचली, तर त्या गांवाची वस्ती सुरक्षित आहे असें आम्ही समजूं. दुधनीकरांनीं येत्या दत्तजयंतीपूर्वीं हें काम करून दाखवावें.