दिवाणखान्यातले न्यायासन

सामान्य कादंबरीवरून असामान्य चित्रपट निर्माण झाल्याचे उदाहरण द्यायचे झाले, की रसिकांच्या बैठकीत ‘गॉडफादर’चे नाव हटकून निघते. मारिओ पुझो यांची कादंबरी १९६९ सालची, फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा चित्रपट १९७२ चा. कादंबरी बाजारी आणि पसरट, चित्रपट मात्र थोर शोकान्तिका, असा निकाल फार पूर्वीच लागला असून त्याविरुद्ध अपील करण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. मी ते करू इच्छितो. आणि कलेच्या निकषावर चित्रपट सरस आहे हे मान्य करूनच करू इच्छितो. गायक जॉनी फोन्टेनची हॉलीवूडमधली कंटाळवाणी प्रकरणे छाटली गेली, ते योग्यच झाले. बाप्तिस्म्याचा विधी आणि खुनांची मालिका एकमेकांत गुंफण्याची कल्पना सर्वस्वी चित्रपटाची, आणि ती अजोड आहे. माझा आक्षेप निराळा आहे. या छाटणीत गळाले ते सारेच पाल्हाळ नव्हते. त्यात पुरावाही होता, आणि तो आरोपीविरुद्धचा होता.

कादंबरी कोठे सुरू होते ते पाहा. न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयात अमेरिगो बोनासेरा हा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा इटालियन गृहस्थ न्यायाची वाट पाहत बसला आहे. त्याच्या मुलीच्या अब्रूवर हात टाकून दोन तरुणांनी तिला अमानुष मारहाण केली आहे. न्यायाधीश आरोपींना कडक शब्दांत फटकारतात. आणि मग त्यांचे वय, त्यांची घराणी लक्षात घेऊन, कायदा सूड घेत नसतो असे सांगून, तीन वर्षांची शिक्षा स्थगित करतात. तत्त्व उत्तम, त्याचा उपयोग नीच! वाचक हा अन्याय स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. चित्रपटाने हे न्यायालयच उचलून बाजूला ठेवले. पडद्यावर प्रथम दिसतो तो डॉन कॉर्लिओनेच्या खोलीतला, अंधारातून उमटणारा बोनासेराचा चेहरा. न्यायालयाची हकीकत आपल्याला केवळ त्याच्या तोंडून कळते. वरवर पाहता ही पटकथेची काटकसर. परंतु तिच्यामुळे एक न्यायासन अदृश्य झाले आणि दुसरे तेवढे डोळ्यांसमोर उरले.

या दुसऱ्या न्यायासनाची रीत कोणती? डॉनला प्रमाणाची जाण आहे. मुलगी जिवंत आहे, तेव्हा मारेकऱ्यांचे प्राण घेणे हा न्याय नव्हे, असे तो फिर्यादीलाच सुनावतो, आणि प्रेक्षक मान डोलावतो. पण त्या खोलीत हजर असतो तो एकच पक्ष. दुसऱ्या पक्षाचे ऐकून घेतल्यावाचून निवाडा नाही, हे तत्त्व काही विलायतेहून बोटीने आलेले नाही. आमच्या जुन्या गोतसभांतही वादी-प्रतिवादी दोघांच्या तक्रिरी लिहून घेण्याची रीत होती. गावच्या पाटलाला जे सुटत नव्हते, ते डॉनला सुटते, आणि तरीही तो आपल्याला न्यायमूर्ती वाटतो!

कादंबरी त्याला असा सहजासहजी सुटू देत नाही. लूका ब्राझी हा डॉनचा एकनिष्ठ सेवक. चित्रपटात तो लग्नाच्या दिवशी आभाराचे चार शब्द पाठ करीत बसलेला, किंचित हास्यास्पद असा धिप्पाड भाबडा. कादंबरीत फिलोमेना नावाची सुईण सिसिलीमध्ये मायकेलला सांगते, की या माणसाने स्वतःचे नवजात अर्भक तिला भट्टीत टाकायला लावले. असल्या माणसाला डॉनने जवळ केले, त्याची निष्ठा कमावली आणि वापरली. तीच गोष्ट अल्बर्ट नेरीची. मायकेलचा हा मारेकरी पूर्वाश्रमीचा पोलीस. एका माणसाच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली, कॉर्लिओने घराण्याने त्याला सोडवले, आणि पुढे पोलिसाच्या गणवेशात त्याने बार्झिनीचा खून केला. चित्रपटात गणवेश दिसतो, त्यामागचा इतिहास दिसत नाही. न्याय एवढाच, की तेथे हा खून न्यायालयाच्या पायऱ्यांवर घडतो.

म्हणजे बोनासेराला ज्या व्यवस्थेने नाडले, तिच्यातले न्यायाधीश आणि पोलीस विकत घेणाऱ्यांत खुद्द डॉनच अग्रगण्य होता. विहिरीत विष कालवायचे आणि वाटेवर पाणपोई घालून दुवा मिळवायचा, असा हा व्यवहार. चित्रपटात त्याचा उल्लेख ओझरता येतो. कादंबरीत त्याची खातेवही उघडी पडते.

ही पाणपोई पुढे आमच्याही दारी आली. हैदराबादेत व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवणाऱ्या आणि १९८९ साली ‘शिवा’ने नाव मिळवणाऱ्या राम गोपाल वर्मा यांनी, ‘गॉडफादर’चे ऋण मान्य करून, २००५ मध्ये ‘सरकार’ काढला. कुटुंब मराठी, आडनाव नागरे. येथेही अत्याचारित मुलीचा बाप सुभाष नागरेच्या दारी येतो. मात्र या घराचा संसार कोणत्या पैशावर चालतो, हे चित्रपट जवळजवळ सांगतच नाही. पुझोच्या डॉनचा निदान तेलाचा व्यापार तरी होता! मराठी घराची सोज्ज्वळता येथे ढालीसारखी पुढे केली आहे, आणि आम्ही तीवर खूश झालो.

हे सारे पडद्यापुरते राहिले असते, तर हा लेखनप्रपंच करण्याचे कारण नव्हते. २०१९ च्या नोव्हेंबरात आमच्या शहराच्या वेशीवर, शमशाबादजवळ, एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळ्यांना बळी पडले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ साली बाहेर आला. पोलिसांची स्वसंरक्षणाची हकीकत अविश्वसनीय, गोळीबार ठार मारण्याच्या हेतूने केलेला, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन, असे त्याचे निष्कर्ष होते. ते चौघे अपराधी होते की नव्हते, हे आता कोणतेही न्यायालय ठरवू शकणार नाही. त्या मुलीलाही निकाल मिळाला नाही. मिळाली ती फक्त आणखी चार प्रेते.

मग बोनासेराने करावे तरी काय, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. तारखांमागून तारखा मोजत अशील म्हातारा होतो, हे आम्हा वकिलांना कोणी शिकवायला नको. परंतु न्यायालय दुर्बळ आहे, म्हणून ते बळकट करावे लागते. ते दुर्बळ ठेवण्यात ज्याचा फायदा, त्याच्या हाताचे चुंबन घेऊन ते बळकट होत नाही.

घराण्यातल्या खुनाची कथा आमच्या इतिहासातही आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव मारला गेला. सत्ता हाती आलेल्या चुलत्यालाच त्याबद्दल दोषी ठरवून पुण्याचे न्यायाधीशपद सोडणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव मराठी माणूस अजून घेतो. अशा नावाचा वारसा सांगणाऱ्यांनी फुले कोणावर उधळायची, याचा थोडा विचार करावा.