शिकवणे म्हणजे सराव नव्हे

मर्दानी खेळ शिकवणाऱ्या वस्तादांबद्दल एक समज इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. जो माणूस संध्याकाळी दोन तास मैदानात उभा राहून पोरांना लाठी, पट्टा आणि फरीगदगा शिकवतो त्याचा स्वतःचा सराव त्यातच होऊन जातो, असा तो समज. त्याच्या जोडीला दुसरा आहे : जोर-बैठका मारणाऱ्याला जिमची गरज नाही. आणि या दुसऱ्याच्या अगदी विरुद्ध टोकाचा तिसरा तरुणांत फोफावतो आहे : आधी जिममध्ये शरीर कमवा, शस्त्र मागाहून हातात बसेल. माझ्या मते तिन्ही समज चुकीचे आहेत. पहिला मात्र सर्वांत घातक आहे, कारण तो सेवेच्या रूपात येतो आणि सेवेला प्रश्न विचारायला आपण कचरतो. माझे म्हणणे असे की वस्तादाच्या आठवड्यावर पहिला हक्क त्याच्या स्वतःच्या, तुल्यबळ जोडीदाराबरोबरच्या खेळाचा आहे. शिकवणे त्यानंतर येते. जिम या दोन्हींच्या मदतीला असावी. मोजकी असावी, पण नेमाने असावी.

हा प्रश्न जालना जिल्ह्यात विशेष टोकदार होतो. इथे मर्दानी खेळ हा कुणाचा पोट भरणारा धंदा नाही. शिकवणारा आणि शिकणारा, दोघेही दिवसभर दुसरे काहीतरी करत असतात : औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यातली पाळी, मोसंबीच्या बागेला पाणी, कपाशीची वेचणी, शाळेतली नोकरी, दुकान. तरुणांपुढे पोलीस भरतीची मैदानी चाचणी असते. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण, त्यामुळे धावणे आणि जिम यांना त्यांच्या दिवसात आधीच जागा गेलेली असते. उरतात संध्याकाळचे दीड-दोन तास. एवढ्याच वेळात शिकणे, शिकवणे आणि शरीर कमावणे या तिन्हींची वाटणी करायची असेल, तर कोणाला किती द्यायचे हे ठरवावे लागते. न ठरवता सोडले तर स्वतःचा सराव आधी बुडतो, कारण तो बुडाल्याची तक्रार करायला कुणी येत नाही. वर्ग बंद ठेवला तर पालक विचारतात, जिम बुडवली तर सोबती विचारतात. वस्ताद स्वतः कुणाशी खेळले का, हे कोण विचारते?

शिकवण्यातच सराव होतो, या मताची बाजू आधी नीट मांडायला हवी. शिकवताना डाव फोडून सांगावा लागतो, पाय कुठे, कोपर कुठे, नजर कुठे याचा विचार करावा लागतो, आणि त्यातून शिकवणाऱ्याची समज स्वच्छ होते. हे खरे आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे. पण शस्त्रविद्येत समजणे आणि करता येणे यांच्यामध्ये एक क्षण असतो, समोरच्याचा वार निघाल्यापासून तो पोहोचेपर्यंतचा. त्या क्षणात आठवून काही करता येत नाही; अंगात मुरलेले तेवढेच बाहेर येते. मग शिकवताना वस्तादाच्या अंगात काय मुरते ते पाहू. नवख्याला वार लागू झाल्याची चव कळावी म्हणून तो आपला पवित्रा मुद्दाम उघडा ठेवतो. पोराला अडवायला वेळ मिळावा म्हणून स्वतःचा वार संथ करतो. चेल्याचा हात बरोबर आला की ढाल किंचित उशिरा नेतो आणि घाव बसू देतो. चांगल्या शिक्षकाने हे सगळे केलेच पाहिजे. पण दिवसातून शंभरदा उघडे राहणे, संथ होणे आणि उशिरा पोहोचणे ही कृती शरीर आपल्या नोंदीत ठेवते. ती दयेपोटी केली की चुकीने, हा भेद खांद्याला आणि मनगटाला कळत नाही. केवळ शिकवत राहिलेला वस्ताद वर्षानुवर्षे हरण्याचाच सराव करत असतो. शिवाय समोर कायम कमी ताकदीचा, कमी उंचीचा, ओळखीचा चेला असल्याने अंतराचा अंदाजही बिघडत जातो.

दुसऱ्या कलेतला एक दाखला इथे उपयोगी पडतो. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादकांनी आपल्या दिवसातल्या कामांची रोजनिशी ठेवली होती. संगीताशी संबंधित अनेक कामांत सगळ्यांचा वेळ जात होता, पण उत्तम वादकांना इतरांपासून वेगळे करणारी ठळक गोष्ट निघाली ती एकट्याने, सुधारणेच्या हेतूने केलेला सराव. शस्त्र एकट्याने पूर्ण होत नाही, त्याला प्रतिस्पर्धी लागतो, म्हणून हा दाखला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी त्यातला गाभा लागू होतो : विद्येच्या सहवासात घालवलेला वेळ आणि विद्या वाढवण्यात घालवलेला वेळ एक नव्हे.

पूर्वी हा घोळ टिकूच शकत नव्हता, कारण कसोटी बाहेरून येत असे. याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची वेलस्लीच्या इंग्रज फौजेशी गाठ पडली. इंग्रज लढाई जिंकले, पण त्यांची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. तोफा आणि बंदुकांचा तो काळ होता, तरी संगीन, तलवार आणि भाला यांनीही त्या दिवशी आपला वाटा उचलला. ज्याच्या हातात कसब नव्हते त्याचा निकाल तिथल्या तिथे लागत होता. ती कसोटी गेली हे चांगलेच झाले. पण तिच्या जागी दुसरी कसोटी ठेवली नाही तर विद्या हळूहळू कवायत होते. आपल्या परंपरेने ती ठेवलेली आहे : चामड्याने मढवलेला गदगा, म्हणजे काठी, आणि हातात लहानशी फरी, म्हणजे ढाल. फरीगदगा ही न ठरवलेली, खरी जोड खेळण्याची सोय आहे. युरोपातले जुन्या तलवारविद्येचे अभ्यासक योआखिम मायर याच्या १५७० सालच्या ग्रंथासारख्या पोथ्यांवरून तुटलेली विद्या पुन्हा उभी करतात, त्यांना जिवंत गुरू नाही. म्हणून ते प्रत्येक अर्थ मुखवटा घालून, बोथट शस्त्राने, पूर्ण वेगाने खेळून पाहतात. आपल्याकडे गुरूंची परंपरा जिवंत आहे, कसोटीचे साधनही आहे, आणि बहुतेक ठिकाणी आपण ते साधन ठरवलेल्या प्रात्यक्षिकापुरते ठेवतो. याचे मला मनापासून दुःख होते.

आता जिमकडे. तलवार एक-सव्वा किलोची, तिला कसली ताकद लागते, जोर-बैठका पुरे आहेत, असे सांगणारे परंपरेचा आधार घेतात. परंपरा मात्र त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात मल्लांच्या व्यायामात भारश्रम, म्हणजे वजनाचा व्यायाम, स्वतंत्र सांगितला आहे. स्तंभावरचा आणि पाण्यातला व्यायामही आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिले ते कुस्तीला पूरक म्हणूनच. करेला, मुद्गल, गदा, नाल ही तालमीतली साधने शोभेची नव्हती. मुख्य विद्येसाठी वेगळा पूरक व्यायाम करणे ही परकी कल्पना आहे, असे म्हणायला काही आधार उरत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा. जोर छाती, खांदे आणि दंड घडवतो, बैठक मांड्या घडवते. ओढण्याची ताकद या दोहोंत कुठेच नाही. ती तालमीत दोरावर चढून, मल्लखांबावर आणि हौदातली माती उकरून येत असे. तालमीबाहेर मोट होती, कुऱ्हाड होती. आज शाळेच्या पटांगणावर भरणाऱ्या वर्गात दोर नाही, खांब नाही, हौद नाही. उरलेल्या जोर-बैठकांना संपूर्ण परंपरा म्हणणे म्हणजे निम्म्या परंपरेवर समाधान मानणे होय. दांडपट्ट्याच्या मुठीत हात कोपरापर्यंत बंद असतो, मनगटाला जवळजवळ वाव नसतो. सगळी फेक खांद्यातून आणि कमरेतून येते आणि लवचिक पात्याचा वेग थांबवण्याचे कामही खांद्याच्या मागचे स्नायूच करतात. ओढण्याचा व्यायाम नसलेला पट्टेकरी खांदा दुखवून बसतो. ही उणीव जिममधली एक दांडी आणि चार वजने भरून काढतात. वजनाने अंग ताठ होते ही भीतीही आता टिकत नाही. पूर्ण आवाक्यात केलेला वजनाचा व्यायाम लवचिकता वाढवायला ताण देण्याच्या व्यायामाइतकाच उपयोगी पडतो, असा निष्कर्ष २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला आहे. समर्थ रामदासांचे जांब ज्या जिल्ह्यात आहे तिथे बलोपासनेचा अर्थ ठरावीक व्यायामप्रकारांपुरता आकसू नये.

मग आधी शरीर, मागाहून शस्त्र, हे बरोबर का? नाही. जिमची एक मोहिनी आहे : तिथली प्रगती किलोत मोजता येते आणि आरशात दिसते. शस्त्रातली प्रगती दिसत नाही. ती फक्त समोरच्याला जाणवते. म्हणून दमलेला माणूस दोहोंतून जिम निवडतो. परंतु सगळेच भरपूर करू म्हणणाऱ्याचे काय होते ते रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली दाखवले. आठवड्याला पाच दिवस वजने आणि सहा दिवस दमसासाचा व्यायाम एकत्र करणाऱ्यांची ताकद सुमारे सात आठवडे वाढली, मग थांबली आणि दहाव्या आठवड्यापर्यंत घसरू लागली. फक्त वजने करणाऱ्यांची वाढतच राहिली. दोन तास पट्टा फिरवणाऱ्याचे शरीरही दमसासाचेच काम करत असते. त्यावर रोजची जिम लादली तर दोन्हीकडे नुकसान.

दिलासा देणारी बाजूही आहे आणि माझ्या मांडणीचा तोल तिच्यावरच आहे. २०११ साली बिकेल, क्रॉस आणि बॅमन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात माणसांनी १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस वजने उचलून ताकद कमावली. पुढचे ३२ आठवडे काहींनी त्या व्यायामाचा फक्त एक नवमांश भाग केला. २० ते ३५ वयाच्या तरुणांनी तेवढ्यावर कमावलेली ताकद आणि स्नायू दोन्ही राखले. साठीपुढच्यांची ताकद बरीच टिकली, स्नायूंचा आकार मात्र टिकला नाही. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ताकद कमवायला जास्त वेळ लागतो, राखायला फार थोडा. म्हणून पावसाळ्याचे तीन-चार महिने, जेव्हा मैदान चिखलाचे असते, तेव्हा जिम आठवड्यातून तीन दिवस करावी : उठबस, जमिनीवरून वजन उचलणे, डोक्यावर ढकलणे, दांडीला लटकून ओढणे. दिवाळीनंतर ती एक-दोन दिवसांवर आणावी. फेब्रुवारीत शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकांची धांदल सुरू झाली की तरुण वस्तादाने एका दिवसावर भागवावे. पन्नाशी-साठीतल्या वस्तादाने मात्र जिम इतकी कमी करू नये. वयस्कांना व्यायामशाळेत काय काम, हा आपल्याकडचा प्रश्न नेमका उलटा आहे. त्यांनाच तिची गरज अधिक आहे.

यावर सर्वांत जड आक्षेप असा येईल की वस्ताद स्वतःसाठी दिवस राखून ठेवू लागला तर पोरांचे काय? फी न घेता शिकवणाऱ्याने स्वतःचा विचार करावा हे स्वार्थाचे नाही का? मला हा आक्षेप भावनेने समजतो, पण तो तालमीची रीतच विसरतो. तालमीत नवख्यांना पवित्रे थोरले चेले शिकवत आले आहेत आणि वस्तादाची नजर सगळ्यांवर असे. सगळे स्वतःच शिकवायचे हा हट्ट अलीकडचा आहे. थोरल्यांवर आठवड्यातला एक दिवस सोपवला तर त्यांची घडण होते आणि वस्तादाला एक संध्याकाळ मिळते. जो स्वतः खालावत जातो त्याचे चेले त्याच्या आजच्या पातळीवर अडकतात, दहा वर्षांपूर्वीच्या नव्हे. हा तोटा फुकट शिकवण्याने भरून निघत नाही.

गावात तुल्यबळ जोडीदार नाही, ही अडचण खरी आहे. पण जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी या आठ तालुक्यांतल्या वस्तादांनी महिन्यातून एका रविवारी एकत्र यायचे ठरवले तर अंतर फार नाही. अंबड-जालना तर पंचवीसेक किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरला आधुनिक तलवारबाजीचे खेळाडू आहेत. त्यांचे फॉइल जास्तीत जास्त ५०० ग्रॅमचे, नियम वेगळे, तरी अंतर आणि वेळ साधण्यात त्यांच्याशी खेळून पुष्कळ शिकता येईल. सुरक्षेबाबत एकच बजावतो : त्यांचा जाळीचा मुखवटा समोरून वाचवतो, डोक्याचा मागचा भाग उघडा राहतो. गदग्याने किंवा लाठीने खेळताना मागे जाड संरक्षण बांधल्याशिवाय कुणालाही जोडीला उतरवू नये.

दांडपट्टा २०२४ साली महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्या मानाला शोभेल असे एक काम लगेच करण्यासारखे आहे. येत्या शिवजयंतीला जिल्ह्यात जिथे जिथे प्रात्यक्षिके होतील तिथल्या मंडळांनी कार्यक्रमात पंधरा मिनिटे मोकळी ठेवावीत आणि त्यात दोन वेगवेगळ्या गावांच्या वस्तादांची, आधी काहीही न ठरवलेली, फरीगदग्याची जोड लावावी. वस्तादांनी त्यासाठी आजपासून आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवावी, आणि पालकांनी ती संध्याकाळ त्यांना आनंदाने द्यावी.