लेकीच्या सायकलीला तेल कोण घालणार?

परवा चाकणजवळच्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. पाऊस नुकताच थांबला होता. चाळीच्या भिंतीला टेकून चार सायकली उभ्या होत्या, चारही मुलींच्या. एकीची चेन तांबडीलाल झालेली, दुसरीची तुटून कॅरिअरला बांधून ठेवलेली आणि उरलेल्या दोघींची पायडलं फिरायलाच तयार नाहीत.

मी सहज विचारलं, "मग पोरी शाळेत कशा जातात गं?"

"चालत. नाहीतर सहा आसनीनं, पैसे असले तर."

त्यातली एक जण हळूच म्हणाली, "ताई, माझी दहावीत आहे. मागच्या आठवड्यात हायवेला चेन उतरली आणि ट्रेलरपुढं पडता पडता वाचली. तिच्या वडिलांनी सांगितलं, पावसाळा संपेपर्यंत सायकल बंद."

पावसाळा संपेपर्यंत म्हणजे जून ते सप्टेंबर, चांगले चार महिने. दहावीच्या मुलीला एवढे दिवस रोज तासभर चालायला लावायचं, की अधूनमधून घरीच बसवायचं? त्या वडिलांना मी दोष देणार नाही. कंटेनरच्या रांगांतून पोरगी जाते म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण मैत्रिणींनो, घोडं अडलं होतं कुठं? एका गंजलेल्या चेनपाशी. आणि ती चेन गंजताना त्या घरातली चार माणसं रोज तिच्या बाजूनं ये-जा करत होती.

आपला हा पट्टा एकेकाळी सायकलींवरच उभा राहिला. १९५४ मध्ये पिंपरीत एच. ए. कंपनी आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि एकेक करत कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा, हे थोरामोठ्यांकडून आपण ऐकलेलं आहे. माझे वडील रविवारी सकाळी अंगणात सायकल उलटी करून बसायचे. शेजारी तेलाची बुधली आणि जुन्या धोतराचं फडकं असायचं. भावाला ते हाक मारायचे, "ये, पाना धर." मला मात्र कधी हाक मारली नाही. मी आईबरोबर आत तांदूळ निवडत बसलेली असायची. कुणी मुद्दाम केलं असं नाही. ते तसंच असायचं.

आता सायकल मुलीच्या हातात आली आहे, पण बुधली आलेली नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. सायकलीनं काय साधतं ते बिहारनं दाखवून दिलं आहे. तिथं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी पाहिलं, तर माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती आणि मुलगा-मुलगीमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली होती. ज्या गावांपासून शाळा लांब, तिथं फायदा जास्त. म्हणजे सायकल ही चैन नाही, ती शाळेची वाट आहे. मग ती वाट दर पावसाळ्यात बंद पडत असेल, तर तिची काळजी कोण घेणार?

त्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा सगळ्याजणी हसल्या. "आपल्याला त्यातलं काय कळतंय ताई?" कोपऱ्यात बसलेली एक बाई मात्र हसली नाही. ती एका कारखान्यात पॅकिंगला आहे, कंत्राटी कामगार. म्हणाली, "आमच्याकडं लोखंडी पार्ट उघड्या हातानं धरायची सोय नाही. हातमोजे घालावे लागतात. घामाचं बोट लागलं तरी दोन दिवसांत तिथं गंजाचा ठसा उमटतो. पार्ट आधी पुसून कोरडा, मग तेलाचा हात, मग पिशवीत बंद. ओल्यावर तेल लावलं तर सुपरवायझर अख्खा लॉट परत पाठवतो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. गंजाचं सगळं शास्त्र तिनं चार वाक्यांत सांगितलं होतं. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. म्हणून पाणी काढायचं आणि मग तेलाचा पडदा धरायचा. हे ज्ञान ती रोज आठ तास दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी वापरते. पण तिच्याच लेकीची सायकल भिंतीला गंजत उभी होती, कारण सायकल हे "पुरुषांचं काम"! बोलता बोलता तिच्याही ते लक्षात आलं असावं. पुढच्या रविवारी तिनंच आम्हाला शिकवलं. ते इथं सांगते, तुम्हीही करून बघा.

आधी ओढणी खोचून घ्या, बांगड्या मागे सारा. जमिनीवर जुना पेपर पसरून सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवा. मुलींच्या सायकलीला बहुधा पूर्ण चेनकव्हर असतं. त्यामुळे कपडे अडकत नाहीत, पण आत गेलेलं पाणीही लवकर वाळत नाही आणि गंज दिसतही नाही. म्हणून स्क्रू काढून कव्हर उघडा. जुन्या टूथब्रशवर थोडं रॉकेल किंवा डिझेल घ्या आणि चेन कडी-कडीनं घासा. हे काम अंगणातच करायचं, शेगडी-देवघरापासून लांब. उरलेलं काळं पाणी गटारात ओतू नका. आपल्या इंद्रायणी-पवनेचे हाल आधीच कमी नाहीत. तारेची घासणी अगदी हलक्या हातानं, वरवरच्या तांबेऱ्यापुरती. मग कोरड्या फडक्यानं पुसा आणि चेन पूर्ण वाळू द्या.

त्यानंतर तेल. पायडल हातानं सावकाश उलटं फिरवायचं आणि प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब सोडायचा. दुसऱ्या हाताची बोटं आणि फडकं दातेरी चाकापासून दूर ठेवा. तासभर थांबा, मग वरचं जादा तेल पुसून टाका. तेल कडीच्या आत हवं. बाहेर चिकट राहिलं तर त्यावर धूळ बसून खळ होते, आणि ती खळ कड्या झिजवते.

कुठलं तेल, हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला. खोबरेल किंवा गोडंतेल नको. खोबरेल थंडीत गोठतं आणि गोडंतेल काही दिवसांत चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल चालतं, पण ते पातळ, पावसात लवकर धुऊन जातं, म्हणून वरचेवर घालावं लागतं. गाडीचं नवं इंजिन ऑइल पावसाळ्यात जास्त टिकतं. गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल फुकट मिळालं तरी घेऊ नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो. आणि एक आपल्या बायकांची खास चूक. तांब्याची भांडी चिंच-मिठानं लख्ख होतात म्हणून चेनलाही तेच लावू नका. मिठानं गंज उलट वाढतो.

रोजचं काम तर दोन मिनिटांचं आहे. भिजून घरी आलं की चेन कोरड्या फडक्यानं पुसायची आणि सायकल पागोळ्यांखालून हलवायची. आठवड्यातून एकदा तेल, पाऊस संततधार असेल तर त्याआधीच.

चेन कधी बदलायची हेही कळायला हवं. फूटपट्टी घ्या. साध्या सायकलीच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते. चेन ताणून धरून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं, तर बारा इंचांवरही बरोबर पिनेचा मध्य यायला हवा. तो एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकला असेल, तर चेन झिजली. तेल घालूनही कडी आखडलेलीच राहत असेल किंवा लोखंडाला खड्डे पडले असतील, तरीही मोह नको. दुकानात जाऊन नवी बसवा. तिथं पैसे वाचवायचे नाहीत, कारण अशीच चेन रस्त्यात तुटते.

आमच्या त्या चार सायकलींपैकी दोन पुन्हा रस्त्यावर आल्या. दोघींना नवी चेन लागली. ते पैसे गटातून उसने दिले. दहावीतल्या त्या मुलीनं स्वतः ब्रश हातात घेतला. तिचे वडील दाराशी उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी खाली बसून चेन दोन बोटांनी वर-खाली करून पाहिली आणि "जरा सैल आहे," म्हणून पाना आणायला आत गेले. त्या पोरीनं हात पुढं केला, "द्या, मी आवळते." त्यांनी दिला. हायवेची भीती त्यांना अजून आहे आणि ती खोटी नाही. आता गटातल्या मुली सकाळी चौघी मिळून आतल्या रस्त्यानं जातात, असं ठरलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलीला सायकल देताना टाळ्या वाजतात, फोटो निघतात. त्याच दिवशी तिला एक बुधली, एक पाना आणि तासाभराचं शिक्षणही द्या. शाळांनी जूनमध्ये कार्यानुभवाचा एक तास यासाठी ठेवावा, मुलामुलींना एकत्र बसवून. मुलींनी बाहेर चहा करायचा आणि मुलांनी पाना धरायचा, असं नको.

आणि आपण? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे वाटतो, ते माळ्यावर जातात. आमच्या गटानं यंदा ठरवलं आहे, वाण म्हणून तेलाची बुधली द्यायची. कुणी हसलं तर हसू दे. जूनमध्ये कामाला येईल.