पान पिवळं म्हणजे मॅग्नेशियमच, असं नसतं



टोमॅटोच्या पिवळ्या पानाचा फोटो कुणी टाकला की खाली दहा जण एकच सांगतात, "मॅग्नेशियम सल्फेट सोडा." मला हे पटत नाही. आधी कुठलं पान पिवळं झालंय ते बघा, मग पिशवी फोडा.

मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं. म्हणून खुणा खालच्या पानावर दिसतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. खालचं पान शिरांसकट फिकट पडलं तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. चुनखडीच्या रानात हे नेहमीचंच. शेंडा आखडून पानं वाटीसारखी वर वळली तर पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस समजा, तिथं कुठलंच खत चालत नाही.

काळ्या रानात मॅग्नेशियम बहुतेक वेळा भरपूर असतं. तरी कमतरता दिसते, कारण फळ फुगवायला आपण ड्रिपमधून पोटॅश सोडतच राहतो. जादा पोटॅश मुळापाशी मॅग्नेशियमला आडवं येतं. त्यावर उपाय म्हणून मॅग्नेशियम वाढवत गेलं की कॅल्शियम अडतं आणि फळाचं बूड काळं पडायला लागतं. पैसे दोन्हीकडून जातात.

खरंच कमतरता असेल तर लिटरला 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घेऊन ऊन उतरल्यावर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. जुनं पान हिरवं होण्याची वाट बघू नका, नवीन पान बघा. ड्रिपला सोडायचं असेल तर कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत मिसळू नका, जिप्सम तयार होऊन ड्रिपर तुंबतात. परसातल्या चार झाडांचंही गणित हेच, तिथं बूड काळं पडलं तर आधी पाण्याच्या पाळ्या नीट करा.

आता मुद्द्याचं. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात, पण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नाही. म्हणजे ज्यावर आपण एवढा खर्च करतो त्याचाच आकडा आपल्या हातात नाही. तो पत्रिकेत आला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर लागवडीआधी माती देताना "हे दोन्ही तपासा" असं प्रयोगशाळेत वेगळं सांगा. जादा पैसे लागतील, पण अंदाजानं आणलेल्या पिशव्यांपेक्षा कमीच.

कृषी अधिकारी मित्रांनी यावर जरूर लिहावं.