ब्रेकांचा रोजनामचा

यंत्र मनुष्यासारखे लहरी नसते, ते सकाळी जसे चालले तसेच सायंकाळी चालावयाचे, ही आपली समजूत इतकी दृढ आहे की, एकदा तपासणी होऊन दाखल्यावर शिक्का उमटला म्हणजे त्या यंत्राची चिंता वाहण्याचे कारण उरले नाही, असे परवाना देणाऱ्या अंमलदारापासून तिकीट काढणाऱ्या गृहस्थापर्यंत सर्वांनाच वाटत असते. खोपोलीनजीक 2013 साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’सारखा रोलर कोस्टर ही समजूत दर फेरीस खोटी पाडीत असतो.

साखळीने शिखरावर ओढून नेलेली गाडी एकदा सुटली की तिला ढकलणारे इंजिन उरत नाही. उंचीवर साठविलेल्या शक्तीवरच तिला पुढचा सर्व प्रवास करावयाचा असतो. 40 मीटर उंचीवरून सुटलेल्या गाडीस अवरोध मुळीच नसता, तर तळाशी ताशी सुमारे 100 किलोमीटर वेग आला असता. परंतु त्यातील किती वाटा चाके, बेअरिंग आणि वारा गिळंकृत करतील, हे ऋतुमानावर आणि प्रहरावर अवलंबून राहते. पहाटेच्या गारव्यात बेअरिंगमधील ग्रीस घट्ट असते, म्हणून पहिल्या फेऱ्या मंद होतात. दुपारी तीच गाडी चपळ होते. माणसांनी भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा अधिक वेगाने धावते, कारण वजन वाढले तरी हवेचा अवरोध त्या प्रमाणात वाढत नाही. अर्थात, ज्या फेरीत प्रवासी अधिक, त्याच फेरीत ब्रेकांवरचा भारही अधिक!

ब्रेकांचीही प्रकृती एक नाही. गाडीखालील धातूची पट्टी चिमट्यात धरणारे घर्षणाचे ब्रेक पावसात ओले झाले किंवा झिजले, की गाडी थांबण्याचे अंतर वाढते. चुंबकीय ब्रेकांना पावसाचे वा वीज गेल्याचे भय नाही. मात्र त्यांचा जोर गतीतूनच जन्मतो आणि गती मंदावताच ओसरतो, त्यामुळे गाडी पूर्ण थांबविण्याकरिता दुसरी तजवीज करावीच लागते. कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानात 1914 पासून चालू असलेल्या लाकडी कोस्टरवर अद्यापि ब्रेक हाती घेतलेला माणूस गाडीतच बसतो. ही निव्वळ जुन्याची हौस आहे असे मला वाटत नाही; प्रत्येक फेरी निराळी असते, हे त्या उद्यानाने उघडपणे मान्य केले आहे.

नाशिक जिल्ह्यास तरी हे नवे वाटू नये. 1865 साली खुल्या झालेल्या थळ घाटाच्या लोहमार्गावर 37 फुटांस एक फूट असा उतार आहे आणि इगतपुरीहून खाली उतरण्यापूर्वी गाडीचे ब्रेक तपासून घेण्याचा रेल्वेचा शिरस्ता आहे. काल ब्रेक लागले होते, ही सबब तेथे चालत नाही. चांदवडकरांनी तर राहुड घाटात तापून निकामी झालेल्या ब्रेकांचे परिणाम पाहिलेले आहेत. मग हीच दक्षता जत्रेतील पाळण्यांच्या बाबतीत का नसावी? उद्यानातील कोस्टर निदान एके ठिकाणी कायम असतो. जत्रेतील पाळणे, ब्रेकडान्स आणि मुलांची आगगाडी आज या गावी, उद्या त्या गावी, सुटे भाग जोडून, मिळेल त्या जमिनीवर उभी राहतात. मागल्या मुक्कामी केलेल्या तपासणीचा कागद नव्या मुक्कामी कितपत खरा मानावा?

नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेच्या दर्शनास अलोट समुदाय लोटतो. तत्पूर्वी नगरपरिषद, तहसील कचेरी आणि पोलीस ठाणे यांनी परवान्यास एक शर्त जोडावी: रोज सकाळी प्रत्येक यंत्राची एक फेरी रिकामी आणि एक वाळूची पोती भरून घ्यावी, ते किती अंतरात व किती वेळात थांबले हे रोजनाम्यात लिहावे, सर येऊन गेल्यावर पुन्हा तसेच करावे, आणि ती वही तिकीटखिडकीवर कोणासही पाहण्यास ठेवावी. मालकांस यासाठी दिवसाचा थोडा वेळ आणि काही पोती वाळू लागेल; खर्चाची तक्रार येथे ऐकून घेण्याचे प्रयोजन नाही. ज्या पाळण्याच्या वहीत त्या सकाळची नोंद नसेल, त्याचा परवाना त्या दिवसापुरता रद्द समजावा.