लुंबिनीची वाट घरातूनच आखा



वस्तीतल्या विहाराच्या फळ्यावर दरवर्षी एक पत्रक लागते. बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, सारनाथ, आठही स्थळे बारा दिवसांत! माणशी रक्कम अमुक, जेवणखाण आत. गिरणीतून निवृत्त झालेला उपासक, घरकाम करून पोरे शिकवलेली उपासिका हे पत्रक वाचतात आणि साठवलेले पैसे मोजू लागतात. पण पत्रकात एक गोष्ट लिहिलेली नसते. बारा दिवसांतले निम्मे दिवस गाडीच्या खिडकीतच जातात. सीमेवर बस अडकली की लुंबिनीच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. जिथे सिद्धार्थाचा जन्म झाला, तिथे म्हातारी आई चपला काढते आणि घालते, एवढेच होते.

म्हणून या आठवड्यात लुंबिनीचा प्रवास आपला आपण कसा आखावा, याचा विचार करू.

लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे हा परदेश प्रवासच आहे. पण भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही आणि रस्त्याने जाताना पासपोर्टचीही सक्ती नाही. भारताच्या निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्टच्या पुढची वडीलधारी मंडळी यांना आधार कार्ड चालते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचा ओळखीचा दाखला घ्यावा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी आपले मतदार ओळखपत्र आणि रेल्वेचे तिकीट एकाच नावाचे आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे.

आता मुख्य मुद्दा. आपण प्रवास आखतो तो घरापासून. आधी गाडी, मग बस, मग मुक्काम मिळेल तिथे. हा क्रम उलटा करावा. आधी मुक्काम ठरवावा आणि तिथून मागे मागे घरापर्यंत यावे. पाठ टेकायला जागा नक्की असली, म्हणजे बाकीची वाट सोपी होते.

लुंबिनीत मुक्कामाचे दोन मार्ग आहेत. निरनिराळ्या बौद्ध देशांनी तिथे आपापले विहार बांधले आहेत. पूर्वेला थेरवाद परंपरेचे आणि पश्चिमेला महायान परंपरेचे. त्यांपैकी काही विहारांत यात्रेकरूंची राहण्याची सोय होते. कोरियन विहारातली साधी खोली आणि साधे जेवण यात्रेकरूंत प्रसिद्ध आहे. पाचपेक्षा जास्त माणसे असतील तर न कळवता जाऊ नये. आपल्या विहारातल्या भंतेजींना विचारून आधी कळवावे. तिथे जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात. आवाज, पत्ते, मद्य यांना तिथे थारा नाही. आपल्या घरालाही ही शिस्त शोभणारीच आहे.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्वेच्या प्रवेशद्वाराबाहेरच्या बाजारातली लहान हॉटेले. तिथे दोन-तीन कुटुंबांनी मिळून खोल्या घेतल्या तर परवडते. खोली ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. आई-वडिलांसाठी खालच्या मजल्यावर खोली आहे का? थंडीत आंघोळीला गरम पाणी मिळेल का? आणि सांगितलेला दर भारतीय रुपयांत आहे की नेपाळी? हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. आपल्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशे साठ रुपये, हा दर १९९३ पासून कायम आहे. खोलीचे एक हजार नेपाळी रुपये म्हणजे आपले सहाशे पंचवीस. हिशेब येणारा मुलगा किंवा मुलगी बरोबर असेल तर पैशाची पिशवी त्याच्याकडे किंवा तिच्याकडे द्या. मोठ्या नोटांबाबत तिथले नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्या नोटाच जवळ ठेवा.

मुक्काम ठरला की मागे या. लुंबिनीपासून भैरहवा सुमारे बावीस किलोमीटर. तिथून सोनौलीची सीमा चार किलोमीटर. सोनौलीहून गोरखपूर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, बसने तीन तासांची वाट. सीमा पायी ओलांडता येते. पलीकडे भैरहव्यापर्यंत रिक्षा आणि पुढे लुंबिनीची बस मिळते. गोरखपूरहून जीप केली तर परक्या देशात गाडी नेण्याचा दैनिक कर, ज्याला तिथे भन्सार म्हणतात, भाड्यात धरला आहे की वेगळा, हे बसण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

हा शेवटचा टप्पा उजेडीच पार पडावा. म्हणून गोरखपूरला सकाळी पोहोचणारी गाडी निवडा. मुंबईहून कुशीनगर एक्सप्रेस कल्याण, नाशिक रोड, मनमाड, भुसावळमार्गे जाते. प्रवास तीस तासांहून अधिक आहे. नागपूरकरांना राप्तीसागर एक्सप्रेस आहे, पण ती रोज नसते. पुण्याहूनही गोरखपूरच्या गाड्या आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, तेव्हा तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. वयस्करांसाठी खालचे बाक मागून घ्या.

कधी जावे? मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पण तिकडे ऊन भाजून काढते. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते. त्याआधी तिकडे जाणाऱ्या आणि त्यानंतर तिकडून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारी महिना सर्वांत बरा. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर मात्र यात्रा पुढच्या वर्षी. परीक्षा आधी!

तिथे किमान तीन रात्री राहा. एक दिवस मायादेवी मंदिर, जन्मस्थळ आणि अशोकस्तंभ. तो सारा परिसर जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे, म्हणून वृद्धांसाठी रिक्षा करा. दुसऱ्या दिवशी तिलौराकोट पाहा. शाक्यांचे प्राचीन कपिलवस्तू म्हणून दाखवले जाणारे ते अवशेष लुंबिनीच्या पश्चिमेस आहेत. परतताना गोरखपुराहून कुशीनगर त्रेपन्न किलोमीटर, एका दिवसात होते. जाऊन-येऊन नऊ-दहा दिवसांची रजा पुरते. बुद्धगया आणि राजगीर पुन्हा कधी. धम्माला घाई नाही.

कुणी विचारील, आपण तर पुण्य मिळते म्हणून तीर्थ करीत नाही, मग जावे कशाला? उत्तर त्या स्तंभावर कोरलेले आहे. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी सम्राट अशोक तिथे आला. बुद्धाचा जन्म इथे झाला, असे त्याने दगडावर लिहून ठेवले आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. तथागताला वंदन करताना त्याने तिथल्या कष्टकऱ्याचे ओझे हलके केले. १८९६ साली हा लेख उजेडात आला. आपल्या मुलांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, बाजूला उभे राहून आजीला त्याचा अर्थ सांगावा. हा इतिहास आपला आहे, हे त्यांना कळावे. परमपूज्य बाबासाहेबही प्रकृती खालावलेली असताना नोव्हेंबर १९५६ मध्ये नेपाळात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते.

शेवटी एक विनंती. या प्रवासासाठी कर्ज काढू नका, दागिना गहाण टाकू नका, मुलांच्या फीला हात लावू नका. चार घरांनी मिळून भिशी चालवा, वर्ष-दोन वर्षे थांबा. ठरलेल्या खर्चाचा चौथा हिस्सा आजारपणासाठी, चुकलेल्या गाडीसाठी वेगळा बांधून ठेवा. आणि एजंटाच्या पत्रकातली आठ स्थळे पाहून हुरळून जाऊ नका. आठ ठिकाणी धावत जाण्यापेक्षा एका ठिकाणी आई-वडिलांना शांत बसून वंदना घेता आली, तर त्यांच्या आयुष्यभराच्या कष्टांचे चीज झाले असे समजा.

नमो बुद्धाय! जयभीम!