तळ दिसेल अशी टोपली

बाळाची खेळणी ठेवायला काय घ्यावं, हे हल्ली नवे आईबाप मोबाइलला विचारतात आणि मोबाइल त्यांना झाकणाची मोठी पेटी दाखवतो. गुलाबी किंवा निळी, खाली चाकं, वर कार्टूनचं चित्र. माझ्या सुनेनेही नातीसाठी तीच पसंत केली होती. पुण्यामुंबईत पाचव्या मजल्यावरच्या खोलीत ती पेटी चालेलही. पण मी उभी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर परिचारिका म्हणून काढली, आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी राहते, आणि जंगलाला लागून असलेल्या घरात ती पेटी रांगत्या लेकरापुढे ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडची घरं बघा. धान घरातच असतं, ढोलीत नाहीतर पोत्यांत. मार्च-एप्रिलमध्ये वाळवलेली मोहफुलं त्याच खोलीत येतात. धानामागे उंदीर आणि उंदरामागे साप, हे इथल्या पोट्ट्यांनाही सांगावं लागत नाही. त्यात मण्यार रात्रीची निघते; अडगळीत, सरपणात, कपड्यांच्या गठ्ठ्यात दडून बसते. तिचा दंश बरेचदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून कळवळणारं लेकरू घेऊन आई येते, अंगावर खूण शोधून सापडत नाही, आणि बघता बघता त्याच्या पापण्या मिटायला लागतात. असं लेकरू जिने एकदा हातात घेतलंय, तिला घरातल्या प्रत्येक अंधाऱ्या कोपऱ्याचा राग येतो. खेळण्यांची खोल पेटी म्हणजे घरात आपण होऊन आणलेला असा आणखी एक कोपरा. विंचवाला आणि गोमीला तर याहून कितीतरी कमी जागा पुरते.

म्हणून माझी अट एकच. वरून पाहिलं की तळ दिसला पाहिजे. वीतभर उंचीची, पसरट तोंडाची, हलकी टोपली घ्यावी, आणि तिच्यात एका थरात मावतील तेवढीच खेळणी बाहेर ठेवावीत. दहा महिन्यांच्या लेकराला पाच-सहा वस्तू पुरतात. बाकीची उंचावर बांधून ठेवा, पंधरा दिवसांनी बदला. जुनंच खेळणं त्याला नवं वाटतं.

सुनेचं म्हणणं होतं, "आई, मग झाकण असलेलं बरं ना? आत काही जाणार तरी नाही." मुद्दा बिनतोड वाटतो, पण घरात दिवसातून वीस वेळा कोण झाकण घट्ट लावतं? ते अर्धवट टेकलेलं राहतं, आणि अर्धवट झाकलेली पेटी उघड्या टोपलीपेक्षा वाईट, कारण सावली तेवढी होते आणि अटकाव काही होत नाही. शिवाय नऊ-दहा महिन्यांचं लेकरू काठ धरून उभं राहायला शिकत असतं. ते वाकून आत डोकं घालतं, वरचं जड झाकण मानेवर पडतं, आणि त्याला मान काढता येत नाही. अमेरिकेत अशाने लेकरं दगावली. म्हणून तिथल्या मानकांत खेळण्यांच्या पेटीचं झाकण मधेच सोडलं तरी धाडकन पडू नये असा आधार हवा आणि आत हवा खेळायला भोकं हवीत, अशी अट आली. 2016 मध्ये आयकियासारख्या कंपनीला अंगावर कोसळणारी ड्रॉवरची कपाटं परत बोलवावी लागली. तिथेही लेकरांचे जीव गेल्यावरच. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, हे चांगलंच झालं. पण तो आदेश खेळण्यांसाठी आहे, ती ज्यात ठेवायची त्या डब्यापेटीची काळजी घरच्यांनीच करायची.

रात्रीचं काय, हा प्रश्न उरतो. संध्याकाळी टोपली अंगणात उपडी करावी, झटकावी, खेळणी एकेक उचलून परत भरावीत आणि टोपली मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीच्या फळीवर ठेवून वर पातळ कापड टाकावं. फळीवर साप चढतच नाही असं कुणी समजू नये. फायदा वेगळाच आहे. सकाळी ती खाली उतरवताना मोठ्या माणसाचा डोळा आधी आत जातो, लेकराचा हात नंतर. हल्ली काही घरांत जुन्या शिंक्यात खेळणी टांगलेली दिसतात. दिसायला छान, पण त्याची दोरी लेकराच्या हाताला येत असेल तर गळ्यालाही येते. ते नकोच.

यातली खरी अडचण शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही, ती मे महिन्यात कळते. तेंदूपत्त्याच्या हंगामात आई अंधारातच जंगलात निघते. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून दिवस मोजला जातो, आणि तोवर घरी तान्हं लेकरू आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. मोहाच्या दिवसांतही तेच. तेव्हा खेळणी ठेवायची पद्धत त्या पोरीला जमेल अशी हवी. तिला कप्पे, कड्या, खटके सांगून उपयोग नाही. ओत, बघ, भर, एवढंच तिला सांगता येतं आणि एवढंच ती रोज करते.

टोपली मी मूलच्या बाजारात बुरडणीकडून घेतली. तिने विचारलं, "सिस्टरबाई, भाकरीले पायजे का भाजीले?" म्हटलं, नातीच्या खेळण्यांना. ती हसली आणि हातातली बाजूला ठेवून दुसरी काढून दिली, घट्ट विणीची, कारण पहिलीच्या फटीत लेकराची करंगळी गेली असती. हे मला सुचलं नव्हतं, तिला सुचलं. घरी आणल्यावर जुना पायमोजा हातात घालून मी टोपली आतून-बाहेरून हळूहळू चाचपली. जिथे मोज्याचा धागा अडकला तिथे कामटीचं कुसळ निघालेलं होतं. ते कापून घासून काढलं. काठावर जुन्या सुती लुगड्याची पट्टी दोऱ्याने शिवली, कारण लेकरू काठच आधी तोंडात घालतं. म्हणूनच वॉर्निश मारलेली टोपली घेऊ नये. हिवाळ्यात तोडलेल्या बांबूची आहे का तेही विचारावं. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला लवकर किडा लागतो. खाली पिठासारखी भुकटी पडायला लागली की टोपली बदलायची. ती महागाची वस्तू नाही, आणि पावसाळ्यात बुरशी धरली तर धुऊन उन्हात टाकता येते.

टोपलीत काय घालू नये, हेही सांगते. आमच्या विदर्भात तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी प्रत्येक घरात असतो. आजोबाच्या वेळचा असेल तर त्याचं कौतुक निराळंच. पण तो जड असतो, आणि त्याचा रंग जुना असतो. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर आली ती 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगात काय होतं कोण जाणे, आणि लेकरू तर चाटणारच. नंदी भिंतीतल्या कोनाड्यात, आतल्या बाजूला सरकवून ठेवावा आणि पोळ्यालाच काढावा. दुसरी गोष्ट लुकलुकणाऱ्या खेळण्यांतली, शर्टाच्या गुंडीएवढी चपटी बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. नागपूरच्या आईला हे दोन तास पुरतील कदाचित. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. भामरागडहून गडचिरोली गाठायलाच त्याहून जास्त अंतर कापावं लागतं, आणि वाटेतल्या पर्लकोटा नदीला पूर असला तर तेही नाही. दवाखाना इतका लांब असताना खेळण्यांच्या तळाशी काय पडलंय हे रोज दिसलंच पाहिजे, हा माझा हट्ट त्यातून आला आहे.

आता थोडं सरकारी कपाटाबद्दल. नोकरीत असताना मी एका अंगणवाडीत गेले की दरवेळी पत्र्याचं कपाट बघायची. आत कोरी करकरीत खेळणी, बाहेर कुलूप. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "फुटली तर भरून कोण देईल, बाई?" सेविकेचा यात दोष नाही, साठा नोंदवहीत चढलेला असतो आणि तपासणीला आकडा जुळावा लागतो. पण लेकरं मात्र त्या खोलीत वाटाणे आणि खडे घेऊन खेळत होती. कुलूपबंद कपाट सुरक्षित असतं खरं, फक्त खेळण्यांसाठी. वापरात फुटणारी वस्तू नोंदीतून वजा करायची सोय सेविकेच्या हाती दिली तर अर्धी कुलपं उद्याच निघतील.

आणि कपाटाच्या जागी टोपल्या का नकोत? बांबू या दोन जिल्ह्यांत जेवढा आहे तेवढा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचित. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती 2011 च्या एप्रिलमध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक द्यायला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः आले होते. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. तरी अंगणवाडीत येतो तो बाहेरून आलेला प्लास्टिकचा डबा, जो आमच्या 45 अंशांच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकतो आणि त्याच्या चिरेची धार लेकराच्या बोटाला लागते. चिचपल्लीत भेटवस्तू, फर्निचर, राख्या शिकवतात ते शिकवावंच; लेकरांच्या टोपलीचा एक नमुना, घट्ट वीण, दुमडलेला काठ, वीतभर उंची, एवढंही तिथे ठरवता येईल.

पैसा नाही असं कुणी म्हणू नये. पेसा कायद्याखाली येणाऱ्या आदिवासी गावांना पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि शिक्षण-आरोग्यावर तो खर्च करता येतो. एका अंगणवाडीला चार टोपल्या लागतील. अडतं ते कागदावर. बुरडणीकडे जीएसटीचं बिल नसतं आणि कार्यालयाला बिलाशिवाय काही घेता येत नाही, म्हणून ऑर्डर शहरातल्या दुकानदाराला जाते. गावातल्या बचत गटाने बुरडणीकडून टोपल्या घेऊन आपल्या पावतीवर अंगणवाडीला दिल्या तर हे कोडं सुटतं. मूल तालुक्यातल्या दोन बचत गटांशी मी बोलून ठेवलंय. ग्रामपंचायतीने मागणी लिहून दिली की काम सुरू करू, असं त्या बायका म्हणतात.